परवानाधारक अग्निसुरक्षा अभिकरण : कायदेशीर तरतूद, तांत्रिक जबाबदारी आणि धडगाव परिसराची गरज

प्रस्तावना :

आग लागल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत काय घडते, यावर जीवितहानीचे प्रमाण अवलंबून असते. मोठ्या शहरात ही मिनिटे अग्निशमन दलाच्या हाती असतात. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय असलेल्या धडगावची स्थिती वेगळी आहे. सातपुड्याच्या रांगांत वसलेल्या या गावी मोठी मदत शहादा, तळोदा किंवा नंदुरबार येथून घाट चढून यावी लागते. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरडी कोसळतात व रस्ता बंद पडतो. अशा ठिकाणी रुग्णालय, आश्रमशाळा वा वसतिगृहाची खरी अग्निसुरक्षा म्हणजे त्या इमारतीत आधीच बसविलेली यंत्रणा होय. ती बसविण्याचा व तपासण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणास आहे, तो कसा मिळतो आणि दुर्गम भागात त्याचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१) परवानाधारक अभिकरणाविषयीच्या कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.
२) स्वयंचलित स्प्रिंकलर यंत्रणेचे कार्य व तिच्या ठेकेदाराची तांत्रिक जबाबदारी स्पष्ट करणे.
३) धडगाव परिसराच्या संदर्भात या व्यवस्थेच्या मर्यादा व शक्यता तपासणे.

कायदेशीर चौकट :

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा राज्यात डिसेंबर २००८ पासून अमलात आला व त्याखालील नियम २००९ मध्ये करण्यात आले. अधिनियमाच्या कलम ३ नुसार अग्निसुरक्षेची पहिली जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. त्याने उपाययोजना करावयाच्या, त्या सुस्थितीत ठेवावयाच्या आणि तसे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे. यंत्रणा बसविल्यानंतरचे प्रमाणपत्र नमुना 'अ' मध्ये, तर ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र नमुना 'ब' मध्ये वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावे लागते.

ही प्रमाणपत्रे मालक स्वतः देऊ शकत नाही. ती देण्याचा अधिकार कलम ९ खाली परवाना मिळालेल्या अभिकरणास आहे. व्यवहारात त्यास 'लायसन्स एजन्सी' म्हणतात. कलम १० नुसार असे काम परवानाधारक अभिकरणाखेरीज इतरांनी करावयाचे नाही. त्याच कलमात आणखी एक महत्त्वाचा निर्बंध आहे : प्रत्यक्ष पूर्तता वा देखभाल झालेली नसताना अभिकरणाने प्रमाणपत्र देता कामा नये. मालकास परवानाधारकाकडून काम करून घेणे शक्य नसेल, तर कारणे नोंदवून अन्य योग्य व्यक्तीस ते काम सोपविण्याची मुभाही कायद्याने सक्षम अधिकाऱ्यास दिली आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. परवाना हा केवळ व्यवसायाचा दाखला नाही. शासनाने स्वतः प्रत्येक इमारत तपासण्याऐवजी एका खाजगी व्यक्तीच्या सहीवर विश्वास ठेवण्याची ती व्यवस्था आहे. त्या सहीमागे प्रत्यक्ष तपासणी नसेल, तर कायद्याचा सारा डोलारा कागदावरच उभा राहतो.

परवाना मिळविण्याची वाट :

परवान्यासाठीचा अर्ज महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे विहित नमुन्यात व विहित शुल्कासह करावा लागतो. संचालनालयाचे कार्यालय मुंबईत सांताक्रूझ येथे आहे. अर्जदाराकडे अग्निअभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले तांत्रिक मनुष्यबळ, अशा कामाचा अनुभव व आवश्यक साधनसामग्री आहे की नाही, हा छाननीतील मुख्य प्रश्न असतो. परवान्याची मुदत ठरलेली असते व त्याचे नूतनीकरण करावे लागते. विशेष म्हणजे परवाना एकट्या व्यक्तीस मिळू शकतो, तसाच व्यक्तींच्या समूहासही मिळू शकतो.

शिक्षणाच्या दृष्टीने राज्यात दोन संस्था महत्त्वाच्या आहेत. नागपूर येथील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झाले व १९५७ मध्ये नागपुरास आले. तेथे अग्निअभियांत्रिकीची पदवी घेता येते. मुंबईतील महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीत अग्निशामक व उपस्थानक अधिकारी यांचे अभ्यासक्रम चालविले जातात.

येथे एक उणीव लक्षात येते. विजेच्या कामात ठेकेदारास परवाना असतो, पर्यवेक्षकास सक्षमता प्रमाणपत्र असते व तारतंत्र्यासही स्वतंत्र परवाना असतो. म्हणजे तारेस हात लावणाऱ्याचीही परीक्षा झालेली असते. अग्निसुरक्षा अधिनियमातील परवाना मात्र अभिकरणास मिळतो; प्रत्यक्ष पाइप जोडणाऱ्या फिटरची त्यात स्वतंत्र परीक्षा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अग्निसंरक्षण ठेकेदाराचा 'सी-१६' परवाना मिळविण्यासाठी चार वर्षांचा कुशल कामाचा अनुभव दाखवावा लागतो आणि व्यवसायज्ञान व कायदा अशा दोन विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. महाराष्ट्रात कारागिराचे कौशल्य जोखण्याचे काम अभिकरणाच्या सचोटीवर सोपविलेले आहे.

स्प्रिंकलरचे कार्य व ठेकेदाराची जबाबदारी :

स्प्रिंकलर यंत्रणेविषयी एक गैरसमज रूढ आहे की, एक तोटी फुटली की सर्व तोट्यांतून पाणी सुरू होते. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक तोटीच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची लहान कुपी असते. ठराविक तापमानास द्रव प्रसरण पावून ती कुपी फुटते व तेवढ्याच तोटीतून पाणी पडते. नारिंगी कुपी ५७, लाल ६८, पिवळी ७९ आणि हिरवी ९३ अंश सेल्सिअसला फुटते. खोलीच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा कुपीचे तापमान सुमारे ३० अंशांनी अधिक असावे, असा संकेत आहे. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात साचणारी उष्णता लक्षात न घेता सर्वत्र लाल कुपी बसविणारा ठेकेदार म्हणूनच चुकतो.

तोटीतून पडणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. प्रचलित १५ मिलिमीटर तोटीचा 'के' गुणांक ८० असतो. म्हणजे १ बार दाबास मिनिटाला ८० लिटर पाणी मिळते. दाब निम्मा झाला तर हे प्रमाण सुमारे ५७ लिटरवर येते. चार तोट्या अर्धा तास चालावयाच्या असतील, तर १ बार दाबास ९,६०० लिटर पाणी लागेल. हा साठा केवळ आगीसाठी राखीव असावा लागतो. यंत्रणेच्या आखणीसाठी आयएस १५१०५ हे भारतीय मानक असून, कोणत्या इमारतीस ती आवश्यक आहे हे राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात वापर, उंची व क्षेत्रफळ यांनुसार सांगितले आहे. प्रत्येक लहान इमारतीस स्प्रिंकलर बंधनकारक नसतात. तेथे अग्निशामक उपकरणे, होज रील, धूरसूचक व मोकळे निर्गममार्ग यांना महत्त्व असते.

स्प्रिंकलर उष्णतेस प्रतिसाद देतो, धुरास नव्हे. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे आग लागली, तेव्हा तेथे १७ अर्भके होती. त्यांपैकी १० दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी तत्कालीन अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत ११ रुग्णांचा मृत्यू झाला. ज्यांना स्वतः उठून बाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी धूरसूचक, स्प्रिंकलर व प्रशिक्षित कर्मचारी या तिन्हींची साखळी अखंड असावी लागते. शाळांच्या बाबतीतही हेच खरे आहे. २००४ मध्ये तामिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेच्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्या प्रकरणाच्या अनुषंगाने सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

धडगाव परिसराचा संदर्भ :

वर्षातून दोन प्रमाणपत्रांची पद्धत धडगावच्या ऋतुमानाशी ताडून पाहिली असता तिची मर्यादा दिसून येते. जुलै हा घाटरस्ता बेभरवशाचा होण्याचा महिना. दूरच्या शहरातील अभिकरणास इमारतीपर्यंत न येता सही करण्याचा मोह नेमका याच वेळी होऊ शकतो. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. जानेवारीत टाकी भरलेली असते, जुलैतही असते. पाणीटंचाई एप्रिल-मे महिन्यांत जाणवते. पिण्यास पाणी नसताना राखीव टाकीतील पाणी वापरले जाणे अगदी स्वाभाविक आहे. आश्रमशाळेस त्या काळात सुटी असते, रुग्णालयास नसते. अशा स्थितीत दोन्ही प्रमाणपत्रे खरी असूनही मे महिन्यात तोट्या कोरड्या असू शकतात.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाच्या अभ्यासांत स्प्रिंकलर निकामी ठरण्याचे सर्वांत मोठे कारण यंत्रणा बंद करून ठेवलेली असणे हेच आढळले आहे. बंद राहिलेली झडप, रंगाने माखलेली तोटी, तोटीच्या खाली अर्धा मीटर अंतरही न सोडता रचलेल्या गाद्या वा धान्याची पोती हे दोष ओळखण्यास अभियंता लागत नाही. वारंवार येऊन पाहणारा जाणकार माणूस लागतो.

सातपुड्याचा उतार मात्र एका बाबतीत अनुकूल आहे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीस सुमारे १ बार दाब मिळतो. इमारतीपेक्षा २० मीटर उंचावर टेकडीवर टाकी बांधता आली, तर पाइपमधील घर्षणाची तूट धरूनही पंपाविना उपयुक्त दाब मिळू शकतो. वीज खंडित झाली तरी तो टिकून राहतो. अर्थात ही आखणी प्रत्येक जागी गणिताने सिद्ध करावी लागेल.

निष्कर्ष व सूचना :

१) परवान्याचे मोल त्यामागील प्रत्यक्ष भेटीत आहे. इमारतीच्या प्रमुखाने प्रमाणपत्र स्वीकारताना झडप उघडून, पाणी वाहते करून दाखविण्याचा आग्रह धरावा.

२) दुर्गम तालुक्यात सहामाही तपासणीस मे महिन्यातील पाणीसाठ्याच्या नोंदीची जोड द्यावी.

३) औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर, प्लंबर वा वेल्डर झालेल्या स्थानिक युवकांना परवानाधारक अभिकरणांनी देखभालीसाठी नेमावे. त्यांतील काहींनी पुढे अग्निसुरक्षेचे शिक्षण घेतल्यास व्यक्तींचा समूह म्हणून स्वतःचा परवाना मिळविण्याचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे.

४) कारागिराच्या पातळीवर, तारतंत्र्याच्या धर्तीवर, कौशल्याची स्वतंत्र परीक्षा असावी.

कायद्याने मालकास जबाबदार धरले आहे व अभिकरणास अधिकार दिला आहे. परंतु पाड्यापाड्यांतून येऊन आश्रमशाळेत निजणाऱ्या मुलांची सुरक्षितता या दोघांच्या कागदांवर नव्हे, तर टाकीत त्या रात्री असलेल्या पाण्यावर अवलंबून आहे. ते पाणी आहे की नाही हे सांगू शकणारा माणूस घाटाच्या वर, धडगावातच असणे हीच या व्यवस्थेची खरी पूर्तता होय.