संयम आणि सवय

केंद्रातील शिक्षण परिषदेत शिक्षक एकत्र जमले म्हणजे एक तक्रार हमखास कानी पडते : मुलांच्या अंगी संयम उरलेला नाही. घरचा अभ्यास होत नाही, खेळ सुटत नाही, मोबाईल एकदा हाती आला की खाली ठेववत नाही. या तक्रारीच्या मुळाशी एक समजूत असते. संयम म्हणजे मनाचे बळ. ते काहींच्या ठिकाणी उपजत असते, काहींच्या ठिकाणी नसते. आणि नसेल तेथे उपदेशाने किंवा धाकाने ते आणावयाचे असते. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे; कारण तिच्या आधारेच एखाद्या मुलावर ‘आळशी’ अथवा ‘चंचल’ असा शिक्का बसतो आणि तो वर्षानुवर्षे पुसला जात नाही.

प्रथम सवय म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. एखादी क्रिया ठरावीक वेळी, ठरावीक जागी, ठरावीक प्रसंगानंतर पुनःपुन्हा घडली म्हणजे तो प्रसंग व ती क्रिया यांची मनात गाठ बसते. पुढे प्रसंग येताच क्रिया आपोआप सुरू होते. तिच्यासाठी वेगळा निश्चय करावा लागत नाही. पूर्वी अनेक घरांत दिवेलागणीला परवचा म्हटला जाई. दिवा लागला, हातपाय धुतले, की पाढे सुरू होत. मुलाच्या मनोनिग्रहाची परीक्षा तेथे कोणी पाहत नसे; लागलेला दिवाच त्याला पाढ्यांकडे वळवीत असे. ‘अभ्यास’ या शब्दाचा मूळ अर्थही एखादी गोष्ट पुनःपुन्हा करणे हाच आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि १८९९ साली शिक्षकांसाठी प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांतही तो विषय पुन्हा मांडला. रोजच्या जितक्या बाबी सवयीच्या स्वाधीन होतील, तितके मन वरच्या दर्जाच्या कामासाठी मोकळे राहते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. अक्षर गिरविणाऱ्या मुलाचे सारे लक्ष बोटांत गुंतलेले असते. हात वळल्यावर तेच मूल आशयाचा विचार करू लागते.

अलीकडील संशोधनाने यात एक महत्त्वाची भर घातली आहे. विल्हेल्म हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील २०५ प्रौढांकडून त्यांच्या मनात दिवसभर येणाऱ्या इच्छांची नोंद घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, जे अधिक संयमी गणले गेले त्यांना मोहाशी झुंजण्याचे प्रसंग कमीच येत होते. ब्रायन गॅला व अँजेला डकवर्थ यांनी २०१५ साली दाखविले की, अशा व्यक्तींच्या यशामागे अभ्यास, झोप, व्यायाम यांच्या चांगल्या सवयींचा मोठा वाटा असतो. म्हणजे संयमी मनुष्य हा रोज लढाई जिंकणारा वीर नसून, बहुतेक लढाया टळतील अशी आपल्या दिवसाची मांडणी करणारा मनुष्य होय.

वॉल्टर मिशेल यांचे लहान मुलांवरील प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहेत. समोरचा खाऊ लगेच न खाता थांबल्यास अधिक खाऊ मिळेल, असे मुलांना सांगण्यात येई. खाऊ डोळ्यांआड ठेवला असता मुले अधिक वेळ थांबतात, असे १९७० साली त्यांनी दाखवून दिले. न थांबणाऱ्या मुलात काही उणीव असते, असा अर्थ पुढे अनेकांनी या प्रयोगांवरून काढला. परंतु २०१३ साली सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रयोगाच्या आधी आणखी एक पायरी ठेवली. काही मुलांना चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे वचन देऊन ते पाळले, काहींच्या बाबतीत ते मोडले. वचन पाळलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. वचन मोडलेली केवळ ३ मिनिटे. ज्याला मोठ्या माणसांच्या शब्दाचा भरवसा नाही, त्याने हाती आहे ते लगेच घेणे हा दुर्गुण नव्हे, तो शहाणपणा आहे. २०१८ साली मोठ्या संख्येच्या मुलांची माहिती तपासण्यात आली, तेव्हा थांबण्याच्या क्षमतेचा पुढील यशाशी असलेला संबंध घरची परिस्थिती विचारात घेताच पुष्कळ क्षीण झाला.

ग्रामीण शाळेत हे विशेष ध्यानी घेतले पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलाची वेळ, जागा आणि सोबत ही तिन्ही मोडतात. त्यांबरोबर अभ्यासाची सवयही मोडते. परतल्यावर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची घडी पुन्हा बसवून देणे हे शाळेचे काम आहे.

ही घडी बसविण्यास वेळ लागतो. लंडन येथे फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात सवय रुळण्यास लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस आला; मात्र कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत तो २५४ दिवसांपर्यंत जाईल असे गणित निघाले. जेम्स यांनी सवय दृढ होईपर्यंत एकही खंड पडू देऊ नये असे सांगितले होते. या अभ्यासात मात्र एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही असे दिसले. यास्तव एका चुकीबद्दल मुलाला फैलावर घेण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी क्रम पुन्हा सुरू करून देणे अधिक हिताचे.

शिक्षकाने एका वेळी एकच सवय हाती घ्यावी व ती रोजच्या एखाद्या निश्चित प्रसंगास जोडावी. ‘रोज वाचन करा’ या आज्ञेपेक्षा ‘परिपाठ संपताच जागेवर बसून एक पान वाचावयाचे’ हा नेम अधिक टिकतो. पोषण आहाराच्या रांगेआधी हात धुणे, सुट्टीनंतर वही उघडणे, यांनाही हेच लागू आहे. घरी अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि खोली एकच असेल तर पेटीत वा फडताळात ठेवावा, असे पालकांना सुचवावे. आणि जे वर्गाला कबूल केले, मग ते गोष्ट सांगणे असो की वही तपासून देणे असो, ते ठरल्या दिवशी पार पाडावे. शिक्षकाचा शब्द खरा होतो हे ज्या वर्गाला ठाऊक असते, त्या वर्गातील मुलाला थांबण्यात अर्थ वाटतो.