नायगराचं पाणी रात्री निम्मं होतं! न्यूयॉर्क-नायगरा सहल ठरवण्याआधी हे वाचाच

मुलगा-सून किंवा लेक-जावई अमेरिकेत असले आणि आई-बाबा पहिल्यांदा तिकडे निघाले, की सहलीच्या यादीत दोन नावं हमखास असतात. एक न्यूयॉर्क आणि दुसरं नायगरा.

अनेकांना वाटतं की ही दोन्ही ठिकाणं एकमेकांच्या शेजारी आहेत. कारण नायगरा ‘न्यूयॉर्क’मध्येच आहे, असं आपण ऐकलेलं असतं. पण नायगरा आहे न्यूयॉर्क राज्यात, शहरात नाही. न्यूयॉर्क शहरापासून हा धबधबा साधारण ६५० किलोमीटर लांब आहे. गाडीने जायला सात तास सहज लागतात.

म्हणजे सकाळी लिबर्टीचा पुतळा बघून निघालात, तर नायगराला पोहोचेपर्यंत रात्र होणार. आणि नेमकी इथेच गंमत आहे. रात्री जो नायगरा दिसतो, तो दिवसाचा नायगरा नसतो!

धबधब्याला ‘टाइमटेबल’ आहे?

हो, आहे. १९५० साली अमेरिका आणि कॅनडा यांच्यात नायगराच्या पाण्याबद्दल करार झाला. वीज बनवण्यासाठी किती पाणी घ्यायचं आणि पर्यटकांसाठी किती सोडायचं, हे त्यात ठरलं.

१ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी ८ ते रात्री १० पर्यंत धबधब्यावरून सेकंदाला किमान २,८३२ घनमीटर, म्हणजे जवळपास २८ लाख लिटर पाणी पडलंच पाहिजे. १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबरमध्ये हीच वेळ सकाळी ८ ते रात्री ८ अशी होते. बाकी सगळ्या वेळी, म्हणजे रात्री आणि संपूर्ण हिवाळ्यात, निम्मं पाणी सोडलं तरी चालतं.

थोडक्यात काय, तर नदीचं साधारण निम्मं पाणी दिवसासुद्धा धबधब्यापर्यंत पोहोचत नाही. रात्री तर पाऊण हिस्सा पाणी वीजनिर्मितीसाठी वळवता येतं.

हे करतात कसं?

कॅनडाच्या बाजूचा मोठा धबधबा घोड्याच्या नालेसारखा आहे, म्हणून त्याला ‘हॉर्सशू’ म्हणतात. त्याच्या थोडं वर नदीत १८ दरवाजांची एक रचना आहे. हे दरवाजे वर-खाली करून पाण्याचा प्रवाह सांभाळला जातो. वळवलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून दोन्ही देशांच्या वीज केंद्रांकडे जातं आणि टर्बाइन फिरवून कित्येक किलोमीटर खाली पुन्हा नदीला मिळतं.

आपल्याला हा प्रकार अगदीच नवा नाही. कर्नाटकातल्या जोग धबधब्याच्या वर लिंगनमक्की धरण आहे. शरावतीचं पाणी तिथे विजेसाठी अडवलं जातं, म्हणून पावसाळा सोडून गेलेल्यांना जोगच्या जागी बरेचदा नुसता कातळ दिसतो. फरक इतकाच, की नायगरात पर्यटकांच्या वाट्याचं पाणी करारानेच राखून ठेवलं आहे.

पाणी वळवल्याचा एक फायदाही झाला. धबधबा कडा झिजवत सतत मागे सरकत असतो. गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत तो ११ किलोमीटर मागे गेला आहे. पाणी कमी झाल्यावर ही झीज बरीच मंदावली.

मग बघायचा कधी?

पाणी भरपूर हवं असेल, तर एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये आणि दिवसा. धबधब्याच्या पायथ्याशी नेणारी ‘मेड ऑफ द मिस्ट’ ही बोटही हिवाळ्यात बंद असते.

रात्रीची रंगीत रोषणाईही चुकवू नका, पण घड्याळ बघा. जून-जुलैमध्ये तिथे सूर्य मावळायलाच रात्रीचे जवळपास ९ वाजतात आणि १० नंतर पाणी कमी होऊ शकतं. म्हणजे भरपूर पाणी आणि रोषणाई एकत्र बघायला जेमतेम तासभर मिळतो. हॉटेलवर जेवून ‘निवांत’ निघालात, तर तो तास हातचा गेलाच म्हणून समजा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नायगराला एक रात्र मुक्काम करा. संध्याकाळी रोषणाई, दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आणि मग परतीचा प्रवास. वयस्कर मंडळी सोबत असतील, तर एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा अट्टहास नकोच.

पुलावर कुटुंबाची ताटातूट

समोरून, पूर्ण रुंदीचा नायगरा दिसतो तो कॅनडाच्या बाजूने. मधे फक्त ‘रेनबो ब्रिज’, पायीसुद्धा ओलांडता येतो असा. पण अमेरिकेचा व्हिसा कॅनडात चालत नाही. भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो.

गंमत म्हणजे मुलाकडे ग्रीन कार्ड असेल, तर त्याला तो व्हिसा लागत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या, तिथला पासपोर्ट असलेल्या नातवालाही नाही. म्हणजे बाप-लेक पलीकडे आणि आजी-आजोबा अलीकडे! त्यामुळे कॅनडाचा व्हिसा आधीच काढा आणि परत अमेरिकेत येताना आपला व्हिसा चालेल ना, हेही तपासून घ्या. नियम बदलत असतात, त्यामुळे दोन्ही देशांच्या सरकारी वेबसाइट बघूनच निघा.

व्हिसा नसेल, तरी वाईट वाटून घेऊ नका. अमेरिकेच्या बाजूला गोट आयलंडवरून हॉर्सशूच्या अगदी काठाशी उभं राहता येतं. पाणी खाली झेपावताना इतक्या जवळून बघण्यातही वेगळीच मजा आहे.

आणि हे सगळं फुकट!

एकेकाळी नायगराचा काठ खासगी मालकांच्या ताब्यात होता आणि नुसता धबधबा बघायलाही पैसे मोजावे लागत. त्याविरुद्ध चळवळ झाली आणि १८८५ साली न्यूयॉर्क राज्याने ही जागा सगळ्यांसाठी खुली केली. या चळवळीतलं एक मोठं नाव होतं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. न्यूयॉर्क शहरातल्या सेंट्रल पार्कची आखणी करणाऱ्या दोघांपैकी हे एक.

आजही या पार्कमध्ये चालत जायला तिकीट नाही. पार्किंग आणि बोटीचे पैसे तेवढे वेगळे.

तेव्हा तिकडे जाणार असाल, तर तारखेबरोबर वेळही ठरवून जा. आणि आई-बाबांना घेऊन निघालेलं कुणी ओळखीत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.