जुन्या वस्तींतील नवी इमारत

जुन्या वस्तींत सदनिकांची नवी इमारत उठवावयाची झाल्यास तिनें जुन्या घरांचेंच रूप घ्यावें काय? मुंबईच्या ओव्हल मैदानावर उभें राहिलें असतां या प्रश्नाचा उलगडा होऊं लागतो. पूर्वेस राजाबाई टॉवर आणि १८७८ सालीं पुरें झालेलें उच्च न्यायालय, हीं टोकदार कमानींचीं दगडी कामें. पश्चिमेस समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर १९३० नंतर उभ्या राहिलेल्या, गोलाकार गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. दोहोंत साम्य असें नाहींच. तरीहि २०१८ सालीं युनेस्कोनें दोन्ही रांगांस मिळून जागतिक वारशांत स्थान दिलें. नव्या इमारतींनीं जुन्यांची नक्कल केली नाहीं, पण आपसांत उंची सारखी राखली व रस्त्याकडील रेषा मोडली नाहीं.

गिरगांवच्या खोताच्या वाडीची गोष्ट निराळी. तेथील लांकडी कठड्यांचीं कौलारू घरें बहुतेक दुमजली, गल्ली अरुंद. अशा ठिकाणीं उंच मनोऱ्यास खोट्या कमानी चिकटविल्या, म्हणून शेजाऱ्याच्या अंगणांतलें ऊन परत येत नाहीं. मुंबईंत १९९५ पासून वारसा-इमारतींचे नियम आहेत खरे. परंतु जुनें लांकूड बदलण्याचा खर्च मालकाच्याच माथीं पडतो, हेंहि विसरतां येत नाहीं.

लाखनीसारख्या महामार्गावरील गांवीं कवेलूंच्या घराशेजारी स्लॅब घालणाऱ्यानें कवेलूच घालावे, असा हट्ट कोणी धरूं नये. त्यानें शेजाऱ्याचा वारा अडवूं नये आणि पावसाचें पाणी आपल्याच हद्दींत उतरवावें, एवढें मात्र त्याजजवळ मागतां येईल.