सूर्यफुलाला पाणी कधी हवं?

यवतमाळ जिल्हा कापूस-सोयाबीनचा. सूर्यफूल इथे पाहुणंच. पण पाऊस कधी दडी मारतो, कधी एकदम कोसळतो, तेव्हा सूर्यफुलाचा विचार करायला हरकत नाही. दिवस लहान-मोठा झाल्याने त्याचं अडत नाही. खरीप, रब्बी, उन्हाळी, कुठल्याही हंगामात ते साधारण ९० दिवसांत निघतं. सोटमूळ काळ्या जमिनीतली खोलवरची ओल शोधतं, मात्र शेतात पाणी साचलं की मुळं गुदमरतात. कळी, फुलोरा आणि दाणे भरताना पाण्याचा ताण पडला तर दाणे पोचट राहतात. बेंबळा किंवा अरुणावती धरणाचं पाणी मिळत असेल तर ते या वेळांसाठी राखावं. परागीभवन मुख्यतः मधमाश्यांवर चालतं, म्हणून फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारू नका.