खात्यात पैसे आहेत, पण ते कुठले?

नव्या सरपंचाने खुर्चीवर बसल्यावर विचारलेला पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "भाऊसाहेब, खात्यात किती आहेत?" भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव ठेवायचं ठरलं. गाव मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतं. भाऊसाहेब आकडा सांगतात. सरपंच खूश होऊन वरच्या आळीच्या काँक्रीट रस्त्याचा विषय काढतात, प्रचारात शब्द दिलेला असतो. मग भाऊसाहेब दुसरं वाक्य बोलतात: "हो, पण यातनं रस्ता बसत नाही."

या 'बसत नाही'मागचा हिशेब फार अवघड नाही. पण तो शेजारी बसून कुणी समजावत नाही, आणि नव्या माणसाचं पहिलं वर्ष त्यातच जातं. म्हणून सावकाश बघू.

ग्रामपंचायतीच्या थैलीला कायद्यात 'ग्रामनिधी' म्हणतात. थैली एक असली तरी आत कप्पे आहेत. सर्वात फुगीर कप्पा वित्त आयोगाचा. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि केंद्रीय वित्त आयोगाने पंचायतींचाही विचार करायचा, हे त्यामुळे ठरलं. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरच्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. आपल्या राज्यात त्यातल्या रुपयाचे ८० पैसे ग्रामपंचायतीला, १० पैसे पंचायत समितीला आणि १० पैसे जिल्हा परिषदेला अशी वाटणी झाली. चौदाव्या आयोगात सगळा रुपया ग्रामपंचायतीचा होता, त्यामुळे जुने सरपंच अजून "चौदाव्याच्या वेळी बरं होतं" म्हणताना भेटतात.

आता मुख्य गोष्ट. समजा, पंधराव्या आयोगातून तुमच्या गावाला वर्षाला १० लाख आले. त्यातले ६ लाख 'बंधित', ४ लाख 'अबंधित'. बंधिताचे पुन्हा दोन भाग: ३ लाख स्वच्छतेला, म्हणजे सांडपाणी, घनकचरा, हागणदारीमुक्ती टिकवणं, आणि ३ लाख पाण्याला, म्हणजे पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण, वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर. राहिलेल्या ४ लाखांतून गावाला जे हवं ते करता येतं. फक्त पगार आणि कार्यालयीन खर्च त्यातून भागवायचा नाही. रस्ता बसतो तो या ४ लाखांत. आणि त्याच ४ लाखांवर शाळेची गळती, अंगणवाडीचं कुंपण, स्मशानभूमीची शेड असे सगळेच टपून बसलेले असतात.

म्हणून मुरलेला भाऊसाहेब सरपंचाला हळूच सुचवतो, "आधी बंदिस्त गटार घेऊ, ते बंधितातून होतंय." पुष्कळांना ही पळवाट वाटते. माझ्या मते हा शहाणपणा आहे. गटार नसलेल्या आळीत रस्ता केला की न्हाणीघराचं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि काँक्रीट कडेने सुटायला लागतं. मग गटारासाठी तोच रस्ता पुन्हा फोडायचा. पैशाला लावलेल्या दाव्याने निदान क्रम तरी सरळ होतो.

पण दाव्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या गावात पाण्याचं काम आधीच झालंय तिथे पाण्याचा पैसा पडून राहतो, आणि शेजारीच अबंधिताचा कप्पा रिकामा असतो. त्यात २०२१ साली महावितरणने थकबाकीपोटी गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडायला सुरुवात केली आणि ही बिलं वित्त आयोगाच्या पैशातून भरा, असं शासनाने सांगितलं. सरपंच तेव्हा चिडले ते उगीच नाही. विकासासाठी म्हणून आलेला पैसा मागच्या दाराने वीजबिलात जाऊ लागला. जलजीवन मिशनचंही तसंच. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत दरडोई रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने द्यायचं ठरलं. टाकी आणि पाइपलाइन योजनेतून होते, पण मोटार जळली की ती भरून आणायची ग्रामपंचायतीने. तिचं वीजबिल, टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्याचा पगार, हे सगळं गावाच्या माथी. उद्घाटनाच्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं.

वित्त आयोगाचा पैसा येण्यालाही अटी आहेत. हिशेब ऑनलाइन हवा, लेखापरीक्षण झालेलं हवं, आणि मुख्य म्हणजे निवडून आलेली संस्था हवी. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. त्यांच्या वाट्याचे १०-१० पैसे तेवढ्यासाठी अडकले. ग्रामपंचायतीलाही नियम तोच: प्रशासक आला की आयोगाचा नळ बंद. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यात १४ हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं होतं. पाच वर्षांनी, २०२६ च्या सुरुवातीला या एवढ्या गावांची मुदत एकदम संपणार, हे त्याच दिवशी ठरून गेलं होतं. सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासूनचा. आयोग बदलला की टक्केवारीही बदलू शकते, तेव्हा जुन्या सवयीने भाग पाडू नका. नवा शासन निर्णय हातात घेऊनच बसा.

आता ते गटार कागदावरून जमिनीवर कसं येतं ते बघू.

सुरुवात ग्रामसभेत. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावाला पाठ आहेत. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा लहान तो. १,८०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २७० होतात, म्हणजे १०० माणसं पुरतात. तीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. कायद्यातल्या या सोयीवर कितीतरी गावांचे आराखडे वर्षानुवर्षं मंजूर होतात. तुमच्या गावात तसं होत असेल तर दोष एकट्या सरपंचाचा नाही, एवढंच म्हणतो.

ग्रामसभेतून वार्षिक आराखडा ठरतो. २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने हे काम चालू आहे. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचा, आणि इथे सर्वात जास्त लोक ठेचकाळतात. गटार आराखड्यात नसेल, किंवा असून चुकीच्या कप्प्यात टाकलेलं असेल, तर पैसे असूनही खर्च टाकता येत नाही. बदल करायचा तर पुन्हा ठराव, पुन्हा सुधारित आराखडा. म्हणून आराखडा चढवायच्या दिवशी सरपंचाने संगणकासमोर खुर्ची ओढून बसावं. एका दुपारची मेहनत आहे, पण वर्ष वाचतं.

पुढची वाट पंचायत समितीकडे जाते. बांधकाम उपविभागाचे कनिष्ठ अभियंता जागा बघून अंदाजपत्रक करतात, तांत्रिक मान्यता होते, प्रशासकीय मान्यता होते, रकमेप्रमाणे निविदा निघते, कार्यारंभ आदेश दिला जातो. काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, लांबी-रुंदी-खोली चढते. बिल त्या एमबीवर निघतं, ठेकेदाराच्या सांगण्यावर नव्हे. बिलातून आयकर, १ टक्का कामगार कल्याण उपकर, मुरूम-खडीचं स्वामित्वधन अशा वजावटी होतात. त्या राहून गेल्या तर लेखापरीक्षणात 'वसूलपात्र रक्कम' म्हणून आक्षेप निघतो आणि सरपंच व भाऊसाहेब दोघांना उत्तर द्यावं लागतं. हे प्रकरण पद गेल्यावरही मागे येतं. माजी सरपंच लेखाआक्षेपाच्या नोटिशीचा कागद घेऊन पंचायत समितीच्या व्हरांड्यात बसलेले मी पाहिले आहेत. चोरी केलेली नसते. कपात राहिलेली असते.

पैसे देण्याची रीतही बदलली आहे. पूर्वी दोघांच्या सह्यांचा धनादेश असे. आता वित्त आयोगाच्या पैशाला धनादेश नाही. भाऊसाहेब पोर्टलवर देयक तयार करतात, सरपंच ते मंजूर करतात, दोघांच्या डिजिटल सह्या होतात आणि रक्कम थेट ठेकेदाराच्या खात्यात जाते. ही सही पेनड्राइव्हसारख्या एका बोटभर वस्तूत असते. बोलताना सगळे तिला डीएससी म्हणतात. नवा सरपंच आला की नवी डीएससी काढा, पोर्टलवर नोंदवा, मान्य करून घ्या. तोवर एक रुपया हलत नाही, म्हणून हे काम सत्काराच्या हारांआधी उरकावं.

राज्यात निम्मी सरपंचपदं महिलांसाठी राखीव आहेत. कुठल्याही महिला सरपंचाच्या गावात गेलो की मी एक गोष्ट विचारतो: डीएससी कुठे असते? कपाटात आणि पिन बाईंना ठाऊक, असं उत्तर आलं तर त्या गावात सरपंच आहे. "यांच्या खिशात" किंवा "भाऊसाहेबांकडेच असते" असं आलं, तर सही दुसऱ्याची आणि जबाबदारी बाईंची. कायदा नोटीस त्यांच्याच नावाने पाठवतो.

इतर कप्पे थोडक्यात. जमिनीच्या खरेदी-विक्रीवरच्या मुद्रांक शुल्कातला वाटा येतो. शहराजवळच्या गावांना तो घसघशीत, आडगावात नावाला. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो. आणि 'पंचवीस-पंधरा'. हा अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षाचा आकडा, २५१५. या शीर्षाखालची कामं आमदारांच्या शिफारशीने येतात, त्यांचं भूमिपूजन थाटात होतं, आणि पाटीवर 'यांच्या प्रयत्नांतून' असं मोठ्या अक्षरात असतं. काम चांगलं असू शकतं, पण ते गावाने ठरवलेलं नसतं.

गावाने ठरवलेला पैसा एकच, तो घरपट्टीचा. तिच्यावर आयोगाचं दावं नाही, आमदाराची पाटी नाही. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. ते सोडून राहिलेल्या रकमेवर मासिक सभेचा शब्द चालतो. जळलेली मोटार त्या रात्री भरून आणायची तर याच पैशातून.

आणि नेमका हाच कप्पा रिकामा असतो. डिसेंबर २०१५ च्या नियमांपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते: जागेचं मूल्य, त्यात बांधकामाचं मूल्य घसारा वजा करून, मग वापराप्रमाणे भारांक, आणि येणाऱ्या दर हजार रुपयांमागे काही पैसे कर. दराची खालची आणि वरची मर्यादा नियमात आहे, मधला आकडा ग्रामपंचायतीने निवडायचा. बहुतेक पंचायती खालचाच निवडतात. चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. तेव्हा नेमकी निवडणूक जवळ आलेली असते. त्यामुळे नमुना ८ मध्ये, म्हणजे आकारणीच्या वहीत, मातीचं घर लिहिलेलं दिसतं आणि जागेवर दुमजली आरसीसी इमारत उभी असते. नमुना ९ ही मागणीची वही, नमुना १० ही पावती. ही तीन कागदपत्रं वाचता आली की गावाची निम्मी अर्थव्यवस्था कळली.

वसुलीचे अधिकार कायद्यात आहेत: बिल, मग मागणीचा लेख, मग जप्ती. भावकीत जप्ती कोण करणार? म्हणून लोकअदालतीच्या नोटिशीचा मार्ग चालतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील यांनी वेगळं केलं. कर पूर्ण भरणाऱ्याला पंचायतीच्या गिरणीवर दळण मोफत. बाई पिठाचा डबा घेऊन निघाली की घरातल्या माणसाला पट्टी आठवायचीच. जप्तीपेक्षा गिरणी स्वस्त पडली.

शंका आली तर पंचायत समितीत विस्तार अधिकारी (पंचायत) असतात, पुण्यात यशदा प्रशिक्षण देते, आणि ई-ग्रामस्वराजवर कुठल्याही गावाचा आराखडा व खर्च पासवर्डशिवाय बघता येतो. शेजारच्या गावाने बंधितातून काय काय बसवलं ते तिथे एकदा जरूर बघा.

पण त्याआधी, खुर्चीवर बसलात त्याच दिवशी, नमुना ९ मागवा आणि स्वतःच्या नावापुढची थकबाकी बघा. मग सदस्यांची बघा. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत स्वतःची पट्टी न भरणारा सदस्य कलम १४ प्रमाणे अपात्र ठरतो.