हृदयाकृति स्वरलेख व तांबडी शाई

फ्रान्स देशांत पॅरिसच्या उत्तरेस शांतियी येथील कोंदे संग्रहालयांत ५६४ क्रमांकाचें एक संगीताचें हस्तलिखित आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील फ्रेंच बहुस्वरी गीतें हा त्याचा मुख्य विषय. ओमालच्या ड्यूकनें तें १८६१ सालीं विकत घेतलें. त्याच्या आरंभीं मागाहून जोडलेल्या पानांवर बोद कोर्दिये या रचनाकाराचीं दोन गीतें आहेत. आम्हांस येथें विचार कर्तव्य आहे तो त्यांचाच.

एका गीतांत स्वररेषा पत्त्यांतील बदामाच्या आकारांत वांकविल्या आहेत. गीत प्रेयसीस नववर्षाची भेट म्हणून रचिलेलें. त्यांत ‘हृदय’ हा शब्द यावयाचा तेथें लेखकानें चिमुकलें हृदयच काढून ठेविलें आहे! दुसऱ्यांत स्वररेषा वर्तुळाकार असून, आपण कंपासानें रचिलें गेलों असें तें गीत स्वतःच सांगतें. त्यांतील एकच चाल दोन गायकांनीं एकामागून एक धरावयाची असते.

हीं पानें पाहून आमच्या संग्राहकांस चक्रबंध, पद्मबंध आठवतील. साम्य आहे, परंतु तें जपून लावावें. बंधांतील श्लोक सरळ ओळींत लिहिला तरी म्हणतां येतो. कवीचें कौशल्य मात्र दृष्टीआड होतें. हृदयाकृतीचेंही तसेंच. ती सरळ केली म्हणून एकही स्वर बदलत नाहीं. वर्तुळांत मात्र एकामागून एक फिरण्याची सूचना आकृतींतच आहे.

खरा धोका निराळाच आहे. हृदयाकृति गीतांत कांहीं स्वरचिन्हें तांबडीं आहेत. आमच्या पोथ्यांत दंड, अंक, पुष्पिका यांस तांबडी शाई लावण्याचा प्रघात असल्यामुळें तिकडे शोभा म्हणून पाहण्याची आम्हांस संवय. येथें तसें नाहीं. त्या काळच्या फ्रेंच स्वरलेखनाचा सामान्य नियम असा कीं, तीन भागांचें काळें चिन्ह तांबडें केलें म्हणजे दोन भागांचें होतें. म्हणजे जी आकृति डोळ्यांत भरते ती गाळली तरी चालेल, पण जो रंग केवळ शोभेचा वाटतो तो गाळला तर ताल मोडेल. काळ्यापांढऱ्या छायाचित्रावरून नक्कल करणाराकडून नेमकी हीच चूक व्हावयाची.

सबब अशा पानाची सूची करतांना आकृतीच्या वर्णनांत न रमतां, कोणतें चिन्ह कोणत्या शाईचें हें आधीं नोंदवावें, व नोंद मूळ पान समोर ठेवूनच करावी.