पारदर्शक, तरीही वीजवाहक

काचेतून प्रकाश जातो, पण वीज जात नाही. तांब्यातून वीज वाहते, पण त्याच्या पत्र्यापलीकडचे काही दिसत नाही. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात नांदतील काय? कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०७ साली कॅडमियम ऑक्साइडचा पातळ थर तयार करून या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दिले.

आज या कामी मुख्यत्वे इंडियम ऑक्साइड योजतात. त्यातील इलेक्ट्रॉन जखडलेले असतात. त्यांना सोडविण्याइतकी शक्ती दृश्य प्रकाशाच्या कणात नसते. म्हणून प्रकाश शोषला न जाता आरपार जातो. मग वीज कशी वाहणार? त्यासाठी वजनाने सुमारे १० टक्के कथिलाचे ऑक्साइड मिसळतात. इंडियमच्या जागी बसलेला कथिलाचा अणू एक इलेक्ट्रॉन अधिक आणतो आणि हे मोकळे इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतात. कथील प्रमाणाबाहेर झाले, तर मात्र त्यांच्या वाहण्यातच अडथळा येतो.

मोबाइलच्या पडद्याला बोटाचा स्पर्श कळतो, तो बहुधा अशाच थरामुळे.

अडचण आहे ती इंडियमच्या दुर्मीळतेची. ते मुख्यत्वे जस्त शुद्ध करताना जोडीने मिळते. मागणी वाढली म्हणून ते वेगळे खणून काढता येत नाही. यास्तव ॲल्युमिनियम मिसळलेले जस्ताचे आणि फ्लोरिन मिसळलेले कथिलाचे ऑक्साइड यांवर संशोधन चालू आहे. दुसरे तर काही सौरघटांत वापरातही आले आहे. बादलीवरचे जस्त आणि भांड्याच्या कल्हईचे कथील यांनीच इंडियमची उणीव भरून काढावी, असा हा प्रयत्न आहे.